राग खयचो? भाव सांगता ती!

मालवणच्या किनाऱ्यावर संध्याकाळी होड्या लागल्या की मासळीचा लिलाव सुरू होतो. वाळूत बांगड्यांचे, सौंदाळ्यांचे ढीग, भोवती माणसांचं कडं आणि त्यातून एकावर एक चढत जाणारे आवाज. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी तिथे रेकॉर्डर घेऊन तीन संध्याकाळ उभी होते. माझा प्रश्न तेव्हा मला फार सोपा वाटत होता: माणूस काय बोलतो ते बाजूला ठेवलं, तर नुसत्या आवाजावरून त्याच्या मनात काय चाललंय ते ओळखता येतं का?

लिलावातले आणि आमच्या वाडीतल्या घरगुती गप्पांमधले मिळून बरेच तुकडे कापले. प्रत्येक तुकडा तीन-चार सेकंदांचा. ते मिसळून आमच्या विभागातल्या पाच जणांना ऐकवले. पाचही जण घाटावरचे किंवा विदर्भातले, मालवणी कुणालाच येत नव्हती. मला वाटलं, हे तर उत्तमच! शब्द कळणार नाहीत, म्हणजे फक्त आवाजावरच निर्णय होईल. प्रत्येक तुकड्यापुढे खूण करायची होती: राग, आनंद, दुःख, भीती किंवा तटस्थ.

निकाल बघून मी खूश. लिलावाच्या बहुतेक तुकड्यांपुढे पाचही जणांनी 'राग' लिहिलं होतं, घरातल्या तुकड्यांपुढे 'तटस्थ' किंवा 'आनंद'. पाच जणांचं आपसांत किती जुळतं हे मोजायला फ्लाइसचा कप्पा वापरतात. योगायोगानेही जेवढं जुळलं असतं तेवढं वजा करून उरलेली सहमती म्हणजे कप्पा. तो चांगला आला. मार्गदर्शकांना लगेच मेल केला.

मग दिवाळीला घरी गेले. माझी काकी मासळी विकते. तिला हेडफोन लावून तेच तुकडे ऐकवले आणि विचारलं, ही बाई किती रागावली आहे? काकीने हेडफोन काढला आणि माझ्याकडे असं बघितलं की शिकून पोरगी बिघडली.

"राग खयचो? भाव सांगता ती!"

पाच जणांचं एकमत होतं आणि पाचही जण चूक होते. संशोधनाच्या तयारीत असलेल्यांनी हा फरक सुरुवातीलाच समजून घ्यावा असं मला वाटतं, कारण मला तो फार उशिरा कळला. ऐकणाऱ्यांचं एकमेकांशी जुळणं ही एक गोष्ट झाली. ते बोलणाऱ्याच्या मनाशी जुळणं ही वेगळीच गोष्ट. कप्पा फक्त पहिली मोजतो. दुसरीबद्दल तो अवाक्षर काढत नाही.

पण ते पाच जण एकसारखे का चुकले? इथे आवाजाच्या यंत्राकडे वळावं लागतं.

बोलण्याचं शास्त्र शिकवताना पहिली आकृती दाखवतात ती स्रोत आणि गाळणीची. गुन्नार फांट या स्वीडिश शास्त्रज्ञाने 1960 साली आपल्या पुस्तकात ही कल्पना पक्की मांडली. फुप्फुसातली हवा वर येते, कंठातले स्वरतंतू त्या हवेने थरथरतात, हा झाला स्रोत. वरचा घसा, तोंड, जीभ, ओठ त्या आवाजातल्या काही कंपनांना उठाव देतात आणि काही दाबतात, ही गाळणी. पायपेटीची उपमा घ्यायची तर भाता, पत्ती आणि लाकडी पेटी. स्वरतंतू एका सेकंदात किती वेळा उघडमीट करतात त्यावर आवाजाची उंची, म्हणजे पिच ठरतो. पुरुषांचा साधारण 100 ते 130 हर्ट्झ, बायकांचा 180 ते 220 च्या आसपास.

आता माणूस चिडला किंवा घाबरला की शरीर काय करतं? श्वास जोरात आणि वर-वर चालतो, त्यामुळे स्वरतंतूंखालचा हवेचा दाब वाढतो. कंठाचे स्नायू ताणले जातात, त्यामुळे पिच चढतो. लाळ कमी होते, तोंड सुकतं. स्वरतंतूंची उघडमीट एरवी नेटकी असते, ती किंचित अनियमित होऊ शकते. एका आवर्तनापासून दुसऱ्यापर्यंत वेळेत पडणाऱ्या फरकाला जिटर म्हणतात आणि जोरात पडणाऱ्या फरकाला शिमर. कंठाच्या बहुतेक स्नायूंना आज्ञा देणारी फांदी ज्या व्हेगस मज्जातंतूतून निघते, तोच व्हेगस हृदयापर्यंत आणि पोटापर्यंत जातो. 'पोटात गोळा आला' आणि 'आवाज कापला' या दोन गोष्टी आपल्याकडे एकाच दमात सांगतात, त्यात मला तरी नवल वाटत नाही.

यंत्र एवढं संवेदनशील असेल तर भावना वाचणं सोपं असायला हवं. पण रागात पिच चढतो, आवाज मोठा होतो, वरच्या कंपनांत जास्त ऊर्जा जाते, बोलणं वेगात होतं. आणि फार आनंद झाला की? पिच चढतो, आवाज मोठा होतो, वेग वाढतो. भीतीतही पिच चढतो आणि वेग वाढतो. दुःखात खाली, संथ, थांबत-थांबत. पण ते झालं मुकं दुःख. घरात कुणी गेल्यावर बायका हंबरडा फोडतात, तो आवाज रागाहूनही वर जातो.

म्हणून या क्षेत्रात भावना दोन अक्षांवर मांडण्याची पद्धत आहे. एक अक्ष उद्दीपनाचा: शरीर किती पेटलंय? दुसरा सुखद-दुःखदतेचा: जे वाटतंय ते गोड की कडू? पहिला अक्ष आवाजातून मोजायला बऱ्यापैकी सोपा जातो. दुसरा मात्र निसटतो. त्याच्या काही खुणा असतात, नाही असं नाही. हसऱ्या तोंडाने बोललं की ओठ मागे ताणले जातात, गाळणीची लांबी कमी होते आणि तिचे फॉर्मंट वर सरकतात. म्हणूनच फोनवरही समोरचा हसतोय हे कळतं. पण या खुणा बारीक असतात आणि वारा, लाटा, इंजिन यांच्यात पहिल्यांदा त्याच हरवतात.

वाऱ्याचं नाव निघालं, तर माझी दुसरी चूक सांगते. एतिएन लोंबार्द नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी 1911 साली एक निरीक्षण प्रसिद्ध केलं: भोवती गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो. त्याला सांगावं लागत नाही, आणि तो सहसा ते थांबवूही शकत नाही. आज याला लोंबार्द परिणाम म्हणतात. त्यात आवाज नुसता मोठा होत नाही. पिचही चढतो आणि ऊर्जा वरच्या कंपनांकडे सरकते. वर रागाची जी यादी दिली, तिच्याशी ताडून बघा. जवळजवळ तीच! म्हणजे मी लिलावाचे तुकडे समुद्राच्या काठावर, होड्यांच्या इंजिनांत रेकॉर्ड केले आणि गप्पांचे तुकडे पडवीत बसून. माझ्या पाच श्रोत्यांनी कदाचित मन ओळखलंच नसेल, जागा ओळखली असेल. माझ्या रेकॉर्डिंगमधला 'राग' हा निदान काही अंशी समुद्राचा होता.

आणि घाटावरच्या लोकांना आम्ही नेहमीच भांडतोय असं का वाटतं, याचं एक कारण इथे असू शकेल असं मला वाटतं. आयुष्य इंजिनाशेजारी गेलं तर घरी आल्यावरही गळा लगेच खाली उतरत नसेल. हे मात्र माझं अनुमान आहे, ते मोजायचं बाकी आहे.

शब्द कळत नसल्याने फक्त आवाज उरेल, हे गृहीतकही कच्चं निघालं. आमच्याकडची 'मेल्या' ही हाक घ्या. शब्दकोशात बघाल तर ती शिवी आहे, मरणाची. पण दोन वर्षांनी भेटलेला मित्र बसस्टँडवर "मेल्या, खय होतस?" असं ओरडतो तेव्हा त्यात जेवढी माया असते तेवढी 'प्रिय मित्रा'मध्ये मावणार नाही. 1980 साली रंगभूमीवर आलेल्या गंगाराम गवाणकरांच्या 'वस्त्रहरण'ने आणि मच्छिंद्र कांबळींच्या आवाजाने ही गोष्ट उभ्या महाराष्ट्राला ऐकवली. प्रेक्षक शिव्यांना हसले, दुखावले नाहीत. आवाज शब्दाला उलटवू शकतो. पण तो उलटवतोय हे कळायला त्या समाजात तो शब्द एरवी कसा म्हणतात ते ठाऊक असावं लागतं.

हे आपल्या परंपरेला नवीन नाही. नाट्यशास्त्रात पाठ्याच्या गुणांचं एक प्रकरणच आहे. उर, कंठ आणि शिर ही आवाजाची तीन स्थानं. उच्च, दीप्त, मंद्र, नीच, द्रुत, विलंबित हे सहा अलंकार. आणि काकु, म्हणजे स्वराच्या फिरवणीने येणारा अर्थ. अलंकारांची नावं पुन्हा वाचा: उंची, जोर, वेग. आजचं सॉफ्टवेअर पहिल्या झटक्यात हेच मोजतं. मी मुद्दाम 'आपल्याकडे सगळं आधीच होतं' असं म्हणत नाहीये. त्या ग्रंथात हर्ट्झ नाहीत, आणि तो नटाने कसं बोलावं हे सांगतो. माणूस प्रत्यक्षात कसा बोलतो, हा त्याचा प्रश्नच नाही. पण निरीक्षण पक्कं आहे.

याचं जिवंत उदाहरण कुडाळजवळच्या पिंगुळीत बघायला मिळतं. तिथल्या ठाकर आदिवासी समाजाची चित्रकथी. या परंपरेतल्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली. चित्रकथीत कागदावरची चित्रं एकामागून एक समोर धरतात आणि कथा गाऊन-बोलून सांगतात. चित्रातला चेहरा स्थिर असतो. तोच डोळा, तीच भुवई. तरी राम, रावण, सीता वेगवेगळे ऐकू येतात आणि चिडतात, रडतात, कारण सगळी भावना सांगणाऱ्याच्या गळ्यात असते. प्रयोगशाळेत आम्ही 'चेहरा झाकून फक्त आवाज ऐकवा' अशी रचना करतो, ती इथे आयती मिळते. दशावताराचं उलट आहे. तिथे संवाद लिहिलेले नसतात, नट रंगमंचावर उत्स्फूर्त बोलतात, सगळ्या भूमिका पुरुष करतात, त्यामुळे तोच गळा आज राजाचा आणि उद्या राणीचा. रात्रभर, उघड्यावर, शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं असतं. म्हणजे पुन्हा लोंबार्द!

मग भावनांचा डेटा नटांकडूनच का घेऊ नये? बहुतेकांनी तेच केलंय. 2005 साली प्रसिद्ध झालेला बर्लिनचा प्रसिद्ध संच दहा नटांचा आहे, 535 वाक्यांचा. 2018 चा रॅव्हडेस हा संच 24 नटांचा, इंग्रजीतला, उत्तर अमेरिकी धाटणीचा. बान्झे आणि शेरर यांनी 1996 मध्ये 12 व्यावसायिक नटांकडून 14 भावना करवून घेतल्या. ऐकणाऱ्यांनी सरासरी 48 टक्के वेळा बरोबर ओळखलं, नुसत्या अंदाजाने 7 टक्के आलं असतं. आकडा वाचून दोन्ही गोष्टी म्हणता येतात: माणसं अंदाजापेक्षा कितीतरी चांगली आहेत, आणि नटाने मुद्दाम करून दाखवलेली भावनाही निम्म्याहून जास्त वेळा चुकते. कुठल्या पेपरात कुठली गोष्ट म्हटलीय ते बघत जा, मजा येते.

खऱ्या भावनेचं रेकॉर्डिंग सहसा मिळत नाही. म्हणून 6 मे 1937 चं हिंडेनबर्ग वायुनौकेच्या आगीचं वर्णन इतकं प्रसिद्ध आहे. हर्बर्ट मॉरिसन हा निवेदक आधी शांतपणे बोलत होता आणि समोर वायुनौका पेटल्यावर त्याचा आवाज फाटला. विल्यम्स आणि स्टीव्हन्स यांनी 1972 मध्ये आगीआधीचा आणि नंतरचा त्याचा आवाज मोजला. पण पुढे ध्वनिमुद्रणाच्या अभ्यासकांनी दाखवलं की ती तबकडी एरवी वाजवली जाते ती मूळ वेगापेक्षा किंचित जलद, त्यामुळे सगळ्यांच्या कानात बसलेला मॉरिसनचा आवाज खऱ्यापेक्षा वरचा आहे. आधी आणि नंतर यांच्यातला फरक त्याने खोटा ठरत नाही, पण सुटा आकडा मात्र बिघडतो. आपला रेकॉर्डर कुठल्या सेटिंगवर होता हे वहीत लिहायला कंटाळा आला की मला मॉरिसन आठवतो.

एक जोडी मात्र सगळ्यांनी मुळातून वाचावी. 2010 मध्ये सॉटर आणि सहकाऱ्यांनी उत्तर नामिबियातल्या हिंबा लोकांना आणि ब्रिटिशांना एकमेकांचे हसणं, किंचाळणं असे शब्दाविना आवाज ऐकवले. आधी एक छोटी गोष्ट सांगायची आणि दोन आवाजांतून तिला शोभणारा निवडायचा. राग, भीती, दुःख, किळस अशा मूळ नकारात्मक भावना दोन्हीकडे ओळखल्या गेल्या. सुखद भावनांपैकी हसण्याने दाखवलेली मजा तेवढी दोन्हीकडे पोचली. 2014 मध्ये जेंड्रन आणि सहकारी हिंबांकडेच गेले, पण पर्याय दिले नाहीत. हा आवाज ऐकून काय वाटतं ते तुमच्या शब्दांत सांगा, एवढंच. तेव्हा ठरावीक भावनांची नावं तशी जुळली नाहीत. चांगलं की वाईट एवढं मात्र कळत होतं. लोक तेच, विषय तोच, प्रश्न विचारण्याची पद्धत बदलली आणि उत्तर बदललं.

हे वाचून मी माझा जुना फॉर्म काढून बघितला. 'राग, आनंद, दुःख, भीती, तटस्थ.' लिलावातली बाई या पाचांपैकी कशातच बसत नव्हती. घाई, हिशोब, थोडी चढाओढ, समोरच्याला जरा डिवचणं, याला माझ्या फॉर्ममध्ये जागाच नव्हती. माझ्या श्रोत्यांनी उपलब्ध होतं त्यातलं सगळ्यात जवळचं निवडलं. चूक त्यांची नव्हती.

आता काय बदललंय ते थोडक्यात. श्रोत्यांचे दोन गट आहेत, मालवणी घरात वाढलेले आणि न वाढलेले. आधी विचारते, इथे काय चाललंय असं वाटतं? मोकळं उत्तर. मग दोन नऊ टप्प्यांच्या पट्ट्या: जोर किती, गोड की कडू. माइक आता बोलणाऱ्याच्या कपाळपट्टीला लावलेला असतो, कारण तोंडापासूनचं अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत पातळी 6 डेसिबलने उतरते आणि माणूस नुसता मागे सरकला तरी 'शांत झाला' असं दिसतं. पिचमधला फरक हर्ट्झमध्ये न मोजता अर्धस्वरांत मोजते. 120 वरून 150 ला जाणं म्हणजे जवळपास चार अर्धस्वर आणि 220 वरून 250 म्हणजे दोनाहून थोडं जास्त. वाढ दोन्हीकडे 30 चीच, पण कानाला सारखी नाही. हे सगळं प्राट या मोफत सॉफ्टवेअरमध्ये होतं, अ‍ॅमस्टरडॅमच्या बूर्स्मा आणि वेनिंक यांनी ते बनवलंय. आजच डाउनलोड करा आणि स्वतःचाच आवाज मोजा. संमतीपत्र मराठीत छापा, आणि नुसती सही घेऊ नका, समोर बसून समजावून सांगा. लिलावात दोघींनी मला 'आमचा नको' म्हणून सांगितलं होतं. त्यांचे तुकडे काढून टाकताना जीव वर-खाली झाला, पण काढले.

कुणी विचारतं, एवढी बारीक-सारीक काळजी कशाला? कारण 'आवाजावरून भावना ओळखणारी' यंत्रं विकली जातायत, आणि ती ज्या संचांवर शिकतात त्यात मालवणच्या किनाऱ्यावरचा एकही गळा असण्याची शक्यता फार कमी. युरोपियन संघाने नोकरीच्या आणि शिक्षणाच्या ठिकाणी भावना ओळखणाऱ्या यंत्रांना, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं सोडून, बंदी घातली आहे. ती फेब्रुवारी 2025 पासून लागू झाली. इथे उद्या मुंबईच्या एखाद्या कॉल सेंटरमध्ये आमच्या गावचा मुलगा ग्राहकाशी प्रेमाने बोलत असेल आणि स्क्रीनवर त्याच्या नावापुढे लाल दिवा लागेल. त्या दिव्याला शिकवणाऱ्या पाच जणांचा कप्पा उत्तम असेल.

शेवटची गोष्ट घरची आहे. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा बाबा होडीवर होते. आदल्या दिवशी त्यांचा व्हॉइस मेसेज आला: "देवगडाक आसव. बरो आसय. चिंता करू नकात." आम्ही सगळे सुटलो. आईने मेसेज पुन्हा लावला, मग तिसऱ्यांदा लावला आणि म्हणाली, "ह्येंचो आवाज बरो नाय. कायतरी झालाहा." झालं होतं. नांगराचा दोर सुटताना त्यांचा हात फाटला होता, टाके पडले होते, आणि ते सांगायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

तो मेसेज माझ्याकडे अजून आहे. गेल्या वर्षी मी तो प्राटमध्ये उघडला. सरासरी पिच त्यांच्या इतर मेसेजइतकाच. जिटरकडे बघण्यात अर्थ नव्हता, मेसेज पाठवताना आवाज दाबला जातो आणि असे बारीक आकडे बिघडतात. फक्त वाक्यांमधल्या थांबण्याच्या जागा लांब होत्या. इतर मेसेजशेजारी ठेवल्या तरच दिसतील एवढ्या लांब. एकट्या मेसेजवरून मी 'शांत' अशी खूण केली असती. आईकडे तीस वर्षांचे 'इतर मेसेज' होते. एका मेसेजवरून काही सिद्ध होत नाही हे मला माहीत आहे. पण तेव्हापासून मी कुणाचाही भावनेचा तुकडा घेण्याआधी त्याच माणसाचं साधं बोलणं रेकॉर्ड करते, आणि प्रत्येक माप त्याच्याशीच ताडून बघते.

त्यातही अडचण आहेच. या गणपतीत बाबांना माइक लावला आणि म्हटलं, काहीतरी साधं बोला, नेहमीसारखं. ते ताठ बसले, घसा खाकरला आणि आकाशवाणीवरच्या बातम्यांसारखं बोलायला लागले. मी थांबवलं. ते म्हणाले, "मुद्दाम साधा कसा बोलतत गो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी माइक तसाच ठेवून त्यांना जाळं विणायला दिलं आणि या हंगामात कुठली मासळी कितीला गेली ते विचारलं. अकरा मिनिटं मिळाली. त्यातली पहिली तीन मी वापरत नाही, कारण तोपर्यंत त्यांना माइक आहे हे आठवत होतं.